झोपाळ्यावरून फ्रान्स

"येत्या वर्षी मी फ्रान्स पाहून येणार!" ओटीवर हरिहरपंतांनी जाहीर केले, तेव्हा ठाण्याच्या कचेरीत वीस वर्षे झिजलेली त्यांची लेखणीसुद्धा कानामागे ताठ झाली.

साल होते १८८९. पॅरिस शहरात हजार फुटी लोखंडी मनोरा उभा राहिला होता. त्याचे चित्र पंतांनी वर्तमानपत्रातून कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवले होते. चित्र वीतभर, पण रोज पाहून पंतांची मान दुखायची!

अडचण एकच. समुद्र ओलांडला की वाळीत पडायचे, आणि त्यांच्या मुलीचे, मंदाकिनीचे, लग्न कल्याणच्या गुरुदत्तरावांच्या मुलाशी मार्गशीर्षात ठरलेले. पंतांनी तोडगा काढला. आधी लग्न, मग बोट, आणि तोवर सराव! फ्रान्सच्या बंदरापर्यंत सतरा दिवस लागतात. तेवढे दिवस रजा काढून मागच्या खोलीत कोंडून घ्यायचे, खिडकी बंद, हेलकावे अंगवळणी पडावेत म्हणून मुक्काम झोपाळ्यावर, खायला मेतकूट, पोहे आणि लिंबाचे लोणचे.

"आणि कुणी विचारलं तर?" पंतांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या.

"सांग, बोटीवर आहेत. सराव म्हणजे सराव!"

"सांगेन हो. मागाहून मला बोलायचं नाही."

गोदूबाई शब्दाच्या पक्क्या. पहिल्या दिवशी शेजारणीला सांगितले, पाचव्या दिवशी आळीला ठाऊक झाले, नवव्या दिवशी बातमी कल्याणला पोहोचली. इकडे पंत तिसऱ्या दिवशी झोपाळ्याची कडी धरून भडाभडा ओकले. दहाव्या दिवसापासून मात्र डोळे मिटले की ते मनोरा चढू लागले. रोज शंभर पायऱ्या!

अठराव्या दिवशी दार उघडले. कोपरीचा मीठवाला नाथा पाटी घेऊन अंगणात उभा होता. ऊन न लागल्याने पांढरेफटक पडलेले, डुलत चालणारे पंत दिसताच त्याच्या हातातली पाटीच सुटली.

"अवं पंत! तुमी तं पार सायबासारखं गोरं झालं!"

तासाभरात ओटी माणसांनी भरली. जो तो पंतांकडे देवाकडे पाहावे तसा पाहत होता. दुपारच्या गाडीने गुरुदत्तरावही आले.

"व्याही, हे काय केलंत? प्रायश्चित्त घ्या, नाहीतर लग्न मोडलं!"

दाराआड मंदाकिनीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"अहो, मी ठाणं सोडलंच नाही! मी झोपाळ्यावर होतो!"

ओटी खो खो हसली.

"समुद्र ओलांडला आणि लपले कुठं, तर झोपाळ्यामागं!" गुरुदत्तराव कडाडले. "विहीणबाई, तुम्ही लोकांना काय सांगत होता?"

"बोटीवर आहेत, असं. पण..."

"झालं!"

"अहो, सतरा दिवस नुसते जायलाच लागतात!" पंत कळवळून ओरडले. "मी परत कसा येईन?"

"बघा, वेळापत्रकसुद्धा पाठ!" कोणीतरी म्हणाले. "सतरा दिवसांत जाऊन आले! काय ती वाफेची करामत!"

पंतांनी दाराकडे पाहिले. बांगड्या अजून गप्पच होत्या.

"घेतो," ते म्हणाले.

न्हाव्याने वीस वर्षांची मिशी दोन फटकाऱ्यांत उतरवली. पंचगव्याचा घोट गिळताना पंतांना झोपाळ्यावरचा तिसरा दिवस आठवला. पण दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या.

पांगापांग झाल्यावर गुरुदत्तरावांनी ओटीचे दार लोटले आणि मांडीला मांडी लावून बसले.

"व्याही," ते कुजबुजले, "आता झालंच आहे तर सांगा. वरून काय दिसतं?"

पंत खरे सांगणार होते. पण मिशीची किंमत तर मोजून झाली होती! त्यांनी डोळे मिटले.

"माणसं मोहरीएवढी," ते हळूच म्हणाले. "नदी म्हणजे वाळत घातलेला पंचा. आणि वारा असा, की मनोरा डुलतो. खाली पाहिलं की आपण एवढे मोठे झालो की एवढे लहान, तेच कळत नाही."

बोलता बोलता त्यांच्याच अंगावर काटा आला. गुरुदत्तरावांचे तोंड उघडेच राहिले होते.

"आणि... भोवळ नाही आली?"

"आली हो!" आतून गोदूबाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी झोपाळ्याची कडी धरून ओकत होते. खोली मी धुतली!"

पंतांचा हात मिशी सावरायला गेला आणि मोकळाच परत आला.

गुरुदत्तरावांनी मात्र दोन्ही हात जोडले होते.

"शिव शिव! म्हणजे बोटीवर झोपाळासुद्धा असतो! आणि विहीणबाई, तुम्हीही गेला होतात?"