काकांच्या खुर्चीचा कान

"या माणसाला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही," असं चिमीने टीव्ही वाहिनीच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं आणि ते शब्दशः खरं ठरलं. त्या माणसाला कुणीच ओळखलं नाही. लोकांनी ओळखलं ते भलत्यालाच.

चिमी माहितीपट करायची. फुलपाखरांवर किंवा जुन्या पुलांवर केले असते तर घरच्यांची काही तक्रार नव्हती. पण जिथे शहाणा माणूस पाऊल टाकत नाही तिथे कॅमेरा घेऊन घुसायचं, हा तिचा शिरस्ता. ती मावशी आणि काकांकडे राहायची. मावशी म्हणायची, "वाघाच्या तोंडात हात घालते आणि वर त्यालाच विचारते, दात कशाने घासता?"

या वेळचा वाघ म्हणजे एक टोळी होती. मुदत संपलेली औषधं गोळा करायची, त्यांच्यावर नव्या तारखा मारायच्या आणि पुन्हा दुकानांत पोचवायची. टोळीच्या प्रमुखाला सगळे नुसतं 'मालक' म्हणत. बरेच महिने खेटे घातल्यावर चिमीला आतला एक माणूस मिळाला. तो तारखांचे शिक्के मारायचा. त्याने शिक्का मारलेली एक बाटली फिरत फिरत त्याच्याच घरी आली, त्याच्या मुलीच्या तापासाठी. पोर वाचली, पण बापाची झोप उडाली ती उडालीच.

"मला सगळं सांगायचंय, ताई," तो म्हणाला. "पण मालकाला नुसता वास लागला, तरी माझी पोर पोरकी होईल."

चिमीने त्याला शब्द दिला. चिमीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मुलाखत एका लॉजच्या खोलीत व्हायची होती. ऐन वेळी लॉजवाल्याने तिचे दिवे आणि वायरींची भेंडोळी पाहिली आणि खोली द्यायला साफ नकार दिला. शिक्केवाला रस्त्यावर घाम पुसत उभा. आज बोलला नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मावशी आणि काका गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. चिमीने त्याला सरळ घरी आणलं.

तिने खबरदारी घ्यायची ती सगळी घेतली. भिंतीवरचे फोटो उतरवले, शोकेसवर टॉवेल टाकला, घड्याळ काढून कपाटात ठेवलं. दिवा माणसाच्या मागे लावला, म्हणजे कॅमेऱ्यात नुसती काळी सावली. त्याच्या हातांत मोजे घातले. आवाज नंतर संगणकावर इतका खाली उतरवला, की माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटावं. माणूस लपवण्यात कसलीही कसर राहिली नाही. फक्त तो ज्या खुर्चीवर बसला होता तीही लपवायची असते, हे तिच्या ध्यानीमनी आलं नाही. डोळ्यांसमोर रोज असलेली वस्तू कुणाला दिसते?

खुर्ची काकांची होती. उंच पाठीची, वर दोन्ही बाजूंना लाकडी कान असलेली. घर बदलताना एक कान तुटला, तेव्हा काकांनी सुताराला न बोलावता स्वतःच्या हाताने नवा बसवला. तेव्हापासून खुर्चीला एक कान उंदराचा होता आणि एक सशाचा. ही खुर्ची काका रोज संध्याकाळी वाऱ्यासाठी जिन्याच्या वळणावर नेऊन मांडायचे. बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस तिच्या बाजूने अंग चोरून गेलेला. खालच्या मजल्यावरच्या चेअरमनशी तर यावरून कायमचंच वाजलेलं.

"काका, जिना सार्वजनिक आहे."

"मग मी कुठे खाजगी आहे?"

चेअरमनची दुसरी तक्रार मावशीबद्दल होती. ती तिची गोंड्यांची चादर गॅलरीत वाळत घालायची आणि त्या लठ्ठ गोंड्यांचं पाणी थेट चेअरमनच्या खिडकीत गळायचं. पण तो विषय पुढे येईल.

माहितीपट लागला त्या संध्याकाळी चिमी वाहिनीच्या ऑफिसात होती. काका सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरायला लागले. मावशी, "असलं बघून मला जेवण जात नाही," म्हणत आत निघून गेली. बाकी बिल्डिंग मात्र टीव्हीसमोर जागी होती. सावली विहिरीतून म्हणाली, "तारखा मी बदलायचो," आणि सावलीच्या डोक्यामागे एक कान उंदराचा, एक सशाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खाली उतरले, तर चेअरमन भिंतीला पालीसारखे चिकटले. "या ना, काका. काल खुर्ची बाहेर दिसली नाही. आमचं काही चुकलं का?"

काका गोंधळले आणि तसेच औषधाच्या दुकानात गेले. बिल्डिंगमधली बातमी त्यांच्या आधीच तिथे पोचली होती. रांग आपोआप बाजूला झाली. केमिस्टने ब्लडप्रेशरच्या गोळ्या दोन्ही हातांनी पुढे केल्या. "काका, तारीख बघून घ्या. अगदी खरी आहे."

"चष्मा घरी राहिला."

"मी वाचून दाखवतो." आणि वाचून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "त्यांचा माल मी एकदाच घेतला होता. पुन्हा नाव काढणार नाही. घरात लहान मुलं आहेत, काका."

काकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चिमीचा घास हातातच राहिला. तिने वळून खुर्चीकडे पाहिलं आणि तिला सगळा उलगडा झाला.

काका भडकले. "मी? जन्मभर शाळेत कारकुनी केली, खडूचा तुकडा घरी आणला नाही. आणि मी तारखा बदलतो? आत्ता जिन्यात उभा राहून ओरडून सांगतो."

चिमी दार अडवून उभी राहिली. "काका, तुम्ही नाही म्हणालात तर लोक विचारतील, मग कोण बसलं होतं? त्या दिवशी चेअरमननी त्याला जिन्यात पाहिलंय. मालकाची माणसं दिवस मावळायच्या आत त्याच्या दारात उभी राहतील. त्याची मुलगी आत्ताच कुठे शाळेत जायला लागलीय."

काका थांबले. सशाच्या कानावरून त्यांनी हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"मग मीच तो," ते म्हणाले.

"तुम्ही?" मावशी हसून हसून खाली बसली. "अहो, पाल दिसली की पलंगावर चढता!"

"पालीची गोष्ट वेगळी."

त्या संध्याकाळी काकांनी खुर्ची वळणाच्या कडेला न मांडता बरोबर मधोमध मांडली. लोक लिफ्टने गेले.

चार दिवसांनी खुर्चीची बातमी ऐकून मालकाचा माणूस आला. धंद्यात त्याला पहिलवान म्हणत आणि जिना त्याला खांद्यांत अपुरा पडत होता. वळणावर काका खुर्चीत बसलेले होते. चिमी दारात आली. तिच्या मागे मावशी.

"टीव्हीवर बसलेले तुम्हीच का?" पहिलवानाने विचारलं.

"खुर्ची ओळखता येत नाही?"

"आमच्या गोदामातला माणूस न् माणूस मला ठाऊक आहे. तुम्हाला मी तिथे कधी पाहिलं नाही."

चिमीला वाटलं, संपलं सगळं. पण काकांनी जन्मभर एकच गोष्ट पाहिली होती. वरचा माणूस खालच्याला कधी सगळं सांगत नाही, आणि खालच्याला मनातून ते माहीत असतं.

"कोणतं गोदाम?" काकांनी शांतपणे विचारलं.

"कोणतं म्हणजे? गोदाम. एकच तर आहे."

"असं," काका म्हणाले. "म्हणजे मालकांनी तुम्हाला सांगितलेलं नाही."

"काय सांगितलं नाही?"

"राहू दे हो. विश्वासातल्या माणसांनाच सांगत असतील."

पहिलवान पायरीवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. "इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी लोकांचे हात मोडले," तो म्हणाला.

"अशा कामाची कदर नसते," काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. हेडक्लार्कची जागा त्यांना डावलून साहेबांच्या मेव्हण्याला गेली होती. ती हकिगत त्यांनी सविस्तर सांगितली. मावशीने दोघांना चहा दिला. जाताना पहिलवानाने कप स्वतः विसळून ठेवला.

दुसरं गोदाम नव्हतंच. मालक घसा फोडून तेच सांगत राहिला. पण तो जितक्या शपथा घेई, तितका पहिलवानाचा संशय वाढे. शेवटी एका दुपारी तो चिमीच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, मलापण बोलायचंय. पहिल्यापासून सगळं. फक्त तोंड दिसता कामा नये."

मालकाच्या उजव्या हाताची मुलाखत! असं घबाड आजवर कुणाच्या हाती लागलं नव्हतं. चिमीने या वेळी खुर्ची आधी लपवली. मावशीने स्वतःची चादर काढून दिली. ती खुर्चीवर पाठीमागून अशी टाकली, की कान दिसेनात. उरलेली पहिलवानाच्या खांद्यांवरून खाली सोडली.

"आता याला त्याची आईसुद्धा..."

"ते वाक्य बोलू नकोस," मावशी म्हणाली.

दुसरा माहितीपट लागला आणि त्याच संध्याकाळी पोलीस गोदामात शिरले. मालक आत गेला. त्याची काही माणसं अजून बाहेर होती, म्हणून चिमीने घरात सगळ्यांना तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. शिक्केवाल्याचा दूरगावाहून निरोप आला. नवं काम मिळालं होतं आणि मुलगी शाळेत रुळली होती. चिमी तो निरोप ऐकून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी काका ताठ मानेने औषधाच्या दुकानात शिरले. मागून मावशी.

"माझ्या गोळ्या," काका म्हणाले.

"काका, तुम्ही जरा थांबा," केमिस्ट म्हणाला. "आधी काकूंचं." आणि त्याची नजर मावशीच्या हातांवरून हलेना.

रांगेत चेअरमन होते. ते एक पाऊल मागे सरकले. "काकू, चादर खुशाल वाळत घाला. कितीही पाणी गळू दे. गोंडे काल टीव्हीवर फार छान दिसले."

मावशीने काकांकडे पाहिलं. काल संध्याकाळी पहिलवान विहिरीतून काय म्हणाला होता, ते दोघांना एकदमच आठवलं. 'हात मीच मोडायचो.'

"नाही म्हणशील तर त्या पहिलवानाचं काय होईल?" काका तिच्या कानात कुजबुजले.

मावशीने पदर खोचला. हनुवटी वर केली. "मग?" ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली. "मीच ती. काय म्हणणं आहे कुणाचं?"

रांग पुन्हा आपोआप बाजूला झाली.

"आणि मग मी कोण?" काकांनी हळूच विचारलं.

"तुम्ही तारखा बदलायच्या," मावशी म्हणाली. "पिशवी धरा."

काकांनी पिशवी धरली.