हेलिकॉप्टर मागे, मास्तर पुढे

“भीती ही मुळात नसतेच! माणूस ती उगाच पाळतो!” असं मास्तर दर महिन्याच्या नव्या बॅचला सांगत. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अख्ख्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि शिकवताना अख्ख्या गावाला झापलं होतं. ‘घाबरट’ हा त्यांचा आवडता शब्द. क्लच लवकर सोडला, घाबरट! हॉर्न उशिरा वाजवला, घाबरट! बरं, स्वतः मास्तर निर्धास्त. असणारच! शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. शिकाऊ माणूस झाडावर निघाला की मास्तर नुसता पाय दाबत आणि मग तोंड सोडत.

अख्ख्या गावात एकच माणूस त्यांच्याकडे शिकला नव्हता. त्यांची बायको.

ती हॉस्पिटलात नर्स. परवाच तिला वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून बढती मिळाली होती. सोमवारपासून हजर व्हायचं होतं, सकाळी सहाला. त्या वेळी बस नाही, रिक्षा नाही आणि मास्तरांची सहाची बॅच. घरची गाडी मात्र दारात उभी.

“मी नेते ना गाडी,” ती म्हणाली.

“तू? अगं, तू घाबरट! पाल दिसली तर टेबलावर चढतेस!”

“रस्त्यावर पाली नसतात. आणि गाडी नाही मिळाली तर मला ही जागा सोडावी लागेल, कळतंय का? इतकी वर्षं वाट बघितलीय मी!”

“मग सोड! घाबरणाऱ्यानं स्टेअरिंगला हात लावू नये, हे माझं तत्त्व आहे!”

तिचा धाकटा भाऊ तिथेच बसून आपल्या रिमोटच्या हेलिकॉप्टरचे स्क्रू आवळत होता. या मेहुण्याला ते वेडच होतं. बायकोनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा त्या यंत्राकडे.

“तुम्ही नाही ना घाबरत कशाला? मग हे उडवून दाखवा. मैदानाला एक फेरी मारून खाली उतरवा. जमलं, तर मी गाडीचं नाव काढणार नाही. घाबरलात, तर सोमवारी किल्ली माझी!”

“हात्तिच्या! एवढंच ना?” मास्तर म्हणाले. खरं तर खेळण्याला घाबरायचं काय, असंच त्यांना वाटलं होतं. पण मेहुण्यानं ते टेबलावरून उचललं, तेव्हा त्याची पाती मास्तरांच्या हाताएवढी लांब निघाली. पण आता शब्द गेला होता.

रविवारी तिघं घरच्या गाडीनं मैदानावर पोचले. मेहुण्यानं हेलिकॉप्टरच्या पायांना दोन लांब काड्या आडव्या-उभ्या बांधल्या. काड्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू.

“हे काय?”

“शिकाऊ माणसासाठी असतं, भावोजी. उतरताना कलंडत नाही.”

“शिकाऊ? मी? काढ ते!”

मेहुण्यानं मुकाट्यानं काढलं. मग म्हणाला, “डावी दांडी वर केली की हे वर जातं, बाजूला केली की वळतं. उजवी पुढे केली की पुढे जातं, मागे घेतली की मागे. पण एक लक्षात ठेवा. याची शेपटी कायम आपल्याकडे पाहिजे. तोंड आपल्याकडे झालं की सगळं उलटं होतं. आणि भीती वाटली, तर उजवी दांडी सोडून द्या. ते जागच्या जागी थांबतं.”

“अरे, लोकांना रिव्हर्स शिकवतो मी! मला उलटं-सुलटं काय सांगतोस?”

“ताई, तू गाडीत बस गं,” मेहुणा एवढंच म्हणाला. “पाती वाईट लागतात.”

ताई गाडीत बसली. बसली ती नेमकी स्टेअरिंगमागे, किल्ली लटकत होती तिथे. मास्तरांना ते दिसलं, पण ओरडायला सवड नव्हती. डावी दांडी वर गेली होती.

बाप रे, काय तो आवाज! हजार भुंगे एकदम उठल्यासारखा! गवत आडवं झालं, मास्तरांच्या डोळ्यांत धूळ गेली आणि ते यंत्र उड्या मारत हवेत चढलं. मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. ब्रेक! हेलिकॉप्टर आणखी वर गेलं. मास्तरांनी पाय आणखी जोरात दाबला. हे चाललंय माझ्याच हातानं आणि थांबवायला पायाखाली काही नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“आता वळवा, भावोजी! हळूऽऽ!”

मास्तरांनी हळू वळवलं. म्हणजे त्यांच्या मते हळू. हेलिकॉप्टर गर्रकन फिरलं आणि तोंड त्यांच्याकडे करून उभं राहिलं. थेट त्यांच्याकडे बघत!

“ए! तिकडे! तिकडे जा!” मास्तरांनी त्याला लांब ढकलायला उजवी दांडी पुढे केली. ते पुढे आलं. मास्तरांनी आणखी पुढे ढकलली. ते आणखी जोरात आलं!

“दांडी सोडा!” मेहुणा किंचाळला.

सोडतायत कसले! बुडत्याला काडीचा आधार, तसा मास्तरांना त्या दांडीचा. ती घट्ट धरून ते वळले आणि पळत सुटले. या वयात, या पोटानिशी, रिमोट छातीशी कवटाळून! चप्पल एकीकडे, मास्तर दुसरीकडे आणि मागे डोक्याच्या उंचीवर ते घोंघावणारं संकट!

“अहो भावोजी, ते तुम्हीच चालवताय! तुम्हीच!”

मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. आपलं डोकं या पात्यांनी नारळासारखं फुटणार, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी गाडीचं दार उघडलं, बायकोशेजारी अंग टाकलं आणि दार ओढून घेतलं.

“गाडी काढ!”

“मी?” बायको म्हणाली.

“तूच! लवकर!”

“पण मी घाबरट ना?”

“घाबरट मी! मी घाबरट, माझा बाप घाबरट! काढ, माझे आई!”

बायकोनं आरसा नीट केला. सीट पुढे घेतली. “पट्टा लावा.”

“अगं, इथे जीव जातोय!”

“पट्ट्याशिवाय गाडी हलायची नाही.”

पट्टा ओढायला मास्तरांना दोन्ही हात लागले. रिमोट मांडीवर पडला आणि हेलिकॉप्टर बॉनेटपुढे हवेत जागच्या जागी थांबलं. तेवढ्यात धापा टाकत मेहुणा आला, खिडकीतून रिमोट घेतला आणि त्यानं ते यंत्र गवतावर अलगद उतरवलं. मास्तरांनी हे पाहिलं नाही. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

उघडले तेव्हा गाडी हमरस्त्यावर होती. तिसऱ्या गिअरमध्ये. समोरून ट्रक येत होता. मास्तरांनी दोन्ही पाय दाबले, पण ही घरची गाडी, त्यांच्या बाजूला ब्रेक कुठला! बायकोनं गाडी जराशी कडेला घेतली आणि ट्रक निघून गेला.

“थांब... थांबव गं,” मास्तर डॅशबोर्ड धरून म्हणाले. “मला नाही बघवत. जगाला शिकवताना माझा पाय ब्रेकवर असतो. तू एकटी पहाटे निघणार, अंधारात, आणि मी नसणार शेजारी. तुला काही झालं तर मी काय करू? घाबरट तू नाहीस. तुझ्यासाठी मीच घाबरतो!”

बायकोनं इंडिकेटर दिला, गाडी कडेला उभी केली आणि त्यांचा घामेजलेला हात हातात घेतला. “हे आधी नाही का सांगायचं? घाबरट घाबरट करून डोकं खाल्लंत माझं!”

मास्तर जरा सावरले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “पण गिअर इतका मऊ टाकायला कुणी शिकवलं तुला?”

“बाजारातल्या नव्या स्कूलमध्ये शिकले. परवाना मिळून महिना झाला.”

“मग पैज कशाला लावलीस?”

“परवाना मिळाला होता. किल्ली मिळत नव्हती.”

मास्तरांना राहवेना. “कोण शिकवतं तिथे?”

“एक बाई आहेत. तुमच्याच विद्यार्थिनी! पहिल्याच दिवशी म्हणाल्या, शिकवायचं कसं ते मी तुमच्या मिस्टरांकडे बघून ठरवलं.”

“बघ!” मास्तर सीटवर ताठ बसले. “काय ठरवलं तिनं?”

“असं शिकवायचं नाही!”

गाडी पुन्हा निघाली. पेट्रोल पंप दिसला, तसे मास्तर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, “इथे घे जरा. टाकी भरून ठेवू. उद्या पहाटे पंप बंद असेल.”