डावं पायडल म्हणजे चहा

आमच्याकडे कोणी पाहुणा आला की आधी पाणी पितो, मग तब्येतपाणी विचारतो. शेजारचे प्रल्हाद काकाजी आले की सरळ फ्रीजच्या मागे जातात. थोड्या वेळानं तिथून त्यांचा आवाज येतो, "मॅडम, ही वायर अशी लोंबून काहून राह्यली?"

आता याला काय उत्तर द्यायचं? आम्ही काही ती हौसेनं लोंबवलेली नसते. काकाजींनाही उत्तर नकोच असतं. ते एका खिशातून क्लिप काढतात, दुसऱ्या खिशातून हातोडी, आणि आमच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीत खिळा ठोकून मोकळे होतात. जाताना सुनावतात, "लोंबलं का घासते, घासलं का तुटते." हा नियम ते फ्रीजच्या वायरीला लावतात, पायजम्याच्या नाडीला लावतात आणि राजकारणातल्या युतीलाही लावतात. युतीच्या बाबतीत ते बरेचदा बरोबर ठरले आहेत.

वणीसारख्या गावात, जिथे प्रत्येक खांबावर वायरींचं घरटं आहे, तिथे देवानं हा माणूस का पाठवला असेल कोण जाणे. एका गणपतीत त्यांनी मंडपातल्या वायरी आवरायचं काम आपणहून अंगावर घेतलं. सकाळपासून जे लोंबताना दिसेल ते बांधत सुटले. संध्याकाळी आरतीला खाणीचे मोठे साहेब आले, निरांजन पेटलं, टाळ सुरू झाले आणि पडदा काही उघडेना. काकाजींनी पडद्याची दोरीही चार जागी क्लिप मारून पक्की केली होती. शेवटी आम्ही पडद्याचीच आरती केली. साहेबांनी त्यालाच मनोभावे नमस्कार केला.

पांढरकवड्याला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, तिथे तर कमालच झाली. नवरदेवाच्या मुंडावळ्या हलताना पाहून हे बोहल्यावर चढले. "डोळ्याले घासून राह्यल्या ना बापा त्या," म्हणाले आणि दोन्ही मुंडावळ्या कानामागे नेऊन क्लिपनं बसवून टाकल्या. फोटोत नवरदेव हेडफोन लावून बसल्यासारखा दिसतो. पोरगा मंगलाष्टकं ऐकत होता की क्रिकेटची कॉमेंट्री, असं नवरीकडचे अजून विचारतात म्हणे.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी विमान आहे. खेळण्यातलं नाही, माणसं बसायचं.

काकाजी खाणीच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर दुसऱ्यांचे नकाशे काढले, आता स्वतःचा एक काढतो, म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी परदेशातून दोन सीटच्या लाकडी विमानाचे नकाशे मागवले आणि राहत्या घरातच बांधायला घेतलं. विमान लांब निघालं आणि घर निघालं आखूड. मग भिंतींना भगदाडं पडली. आज विमानाचं नाक बैठकीत आहे, पोट स्वयंपाकघरात आणि शेपूट मागच्या टिनाच्या शेडमध्ये. पंख पडवीत टांगलेले आहेत. शकुन काकूंना, म्हणजे काकाजींच्या बायकोला, ओट्याकडून देवघराकडे जायचं तर विमानाखालून वाकून जावं लागतं. पुढच्या सीटवर त्या पोळ्यांचा डबा ठेवतात. तिथे मुंग्या चढत नाहीत, असं त्या सांगतात.

लाकूडकाम केव्हाच आटोपलं. काकाजी अडकले ते केबलींमध्ये. पुढे पायलटच्या पायाशी दोन पायडलं असतात. त्यांना बांधलेल्या तारेच्या केबली पोटातून मागे शेपटापर्यंत जातात. डावं पायडल दाबलं की शेपटाचं उभं पातं डावीकडे वळतं, उजवं दाबलं की उजवीकडे. वाटेत ठिकठिकाणी केबलीला धरून ठेवायला गाईड असतात, म्हणजे भोक पाडलेले लाकडाचे छोटे तुकडे. केबल त्यातून मधोमध जायला हवी, कुठे टेकायला नको आणि झोल पण पडायला नको. विजेच्या वायरी वेगळ्या बाजूनं न्यायच्या, त्यांना क्लिप मारताना खाली रबर घालायचं. हे सगळं मला इतकं पाठ आहे की नववीला भूगोल शिकवताना एकदा मी मान्सूनच्या वाऱ्यांना गाईड लावले होते.

काकाजींना ऐकू फार कमी येतं. त्यांनी खिशात ठेवायचं कानाचं मशीन आणलं होतं. त्याची वायर लोंबते म्हणून त्यांनी ती सदऱ्याला पाच जागी शिवून टाकली. सदरा धुवायला गेला, मशीनही गेलं. इकडे काकूंचा आवाज इतका बारीक, की त्या बोलायला लागल्या तर कुकर बंद करावा लागतो. मागच्या शेडमध्ये ठोकाठोक करणाऱ्या बहिऱ्या माणसाला या बाईनं हाक मारायची कशी?

काकूंनी वाट शोधून काढली. पोळ्या लाटता लाटता त्या विमानात हात घालतात आणि डावं पायडल दाबतात. मागे काकाजींच्या नाकासमोर पातं डावीकडे वळतं. डावीकडे म्हणजे चहा. उजवीकडे म्हणजे कोणी आलं आहे. दोन्हीकडे जोरजोरात हललं तर समजायचं की आंघोळीचं पाणी निवून राह्यलं. एकदा मी शेडमध्ये बसले असताना पातं अर्धवट डावीकडे वळून थांबलं. "चहा आहे, पन दूध नाही," काकाजी म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

हे पाहून मला हसू यायचं. पण माझी एक अडचण होती. विमान बाहेर काढायला आमच्या दोन घरांच्या मधली कंपाउंडची भिंत पाडावी लागणार होती, आणि मी मोठ्या मनानं ती पाडू दिली. त्या वाटेनं येऊन गावातल्या शेळ्यांनी माझी शेवंती मुळासकट खाल्ली. शाळेत पोरं रोज विचारायची, "मॅडम, विमान उडालं का?" नागपूरकडे काकाजींच्या एका मित्राची धावपट्टीजवळ शेड आहे. विमान तिथे नेऊन पंख जोडायचे, तपासणी करून घ्यायची आणि उडवायचं, असं ठरलं होतं. मित्रानं सांगून ठेवलं होतं, संक्रांतीपर्यंत जागा राखतो, त्यानंतर दुसऱ्याला देतो.

पहिला ट्रक आला तेव्हा काकाजी विमानाखाली शिरले आणि भुसा लागलेलं बोट दाखवत बाहेर आले. "घासून राह्यली. स्वयंपाकघरातल्या गाईडपाशी." ट्रक रिकामा गेला. दुसरा आला, पुन्हा तेच. तोच गाईड, तसाच भुसा. गावात हसं व्हायला लागलं. "मुंडावळ्या बांधता येतात, केबल बांधता येत नाही," असं पानठेल्यावरचे लोक म्हणू लागले. मला तर राग आला होता. माझी शेवंती गेली ती गेली, निदान विमान तरी जावं.

तिसऱ्या ट्रकच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाटीभर साखर मागायला मागच्या दारानं काकूंकडे गेले. काकाजी बाजारात गेले होते. काकू विमानाखाली उकिडव्या बसून सराट्याच्या टोकानं, म्हणजे ज्यानं आपण पोळी उलटतो त्यानं, गाईडचा स्क्रू ढिला करत होत्या.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. सराटा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "सांगू नका बाई त्यायले."

"पण काकू, कायले करता हे?"

"लग्न झालं तवापासून मी बोलून राह्यली अन् हे नकाशात डोकं घालून. तवा तं कान चांगले होते. आता पायडल दाबलं का उठून येतात. येतात अन् विचारतात, काय म्हनते. हे विमान गेलं तं कोन विचारन मले?"

मी साखर न घेताच परत आले. संध्याकाळी काकाजी आमच्याकडे आले. फ्रीजकडे गेले नाहीत, खुर्चीवर बसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलं आहे.

"मॅडम, एक सांगतो, तिले बोलू नका," ते म्हणाले. "तो स्क्रू आपोआप नाही ढिला होत. ती करते. त्याच्यावर सराट्याचा वास येते, तेलाचा."

मी कागदावर लिहून विचारलं, मग तुम्ही काकूंना बोलत का नाही?

"काय बोलू? मलेच बरं वाटते. दिवसभर बोलावते मले. पहिले कोनाले बोलावत होती ती, घरात कोनीच नव्हतं." मग बोटानं खुर्चीचा हात पुसत म्हणाले, "पन साऱ्या गावाले सांगून बसलो ना उडवतो म्हनून. उद्या संक्रांत. आता नाही कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. ड्रायव्हर कोळसा वाहणारा होता, त्याला घाई होती. सगळी आळी जमली, कोणीतरी नारळ आणला, पानठेल्यावरचे लोक तर ठेला बंद करून आले. दोरखंड लागले. काकाजींनी सवयीनं विमानाखाली बोट फिरवून पाहिलं. त्यांच्या बोटाला भुसा लागलेला मला दिसत होता. ते बोट त्यांनी मुठीत धरलं होतं. काकू चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या.

मला त्या दोघांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी शाळेत नेसायच्या साडीनिशी विमानाखाली शिरले. माझ्यासमोर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. गाईड होता की खिळ्याचं डोकं होतं, देव जाणे. मी बाहेर आले, चष्मा पुसला आणि वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं, "केबलीला ओरखडा आहे. अशा स्थितीत नेणं धोक्याचं आहे. ट्रक परत न्या."

सगळे काकाजींकडे पाहू लागले. हा माणूस एका क्लिपवरून दोन तास वाद घालणारा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे.

"मॅडम म्हनतात तं असन," ते म्हणाले. "नागपूरच्या मित्राले सांगून देतो मी, जागा दे म्हना दुसऱ्याले."

लोक वैतागले, ड्रायव्हरनं भाड्यावरून आवाज चढवला, नारळ मात्र फोडून सगळ्यांनी खाल्ला. गर्दी पांगल्यावर काकाजी शेडकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात गेले. काकू तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या एकदम गोंधळून उठल्या.

"मी तं अजून बोलावलंच नाही," त्या म्हणाल्या.

काकाजींना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी पाट ओढला, काकूंच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलायला लागले.