विंडलास पुढे, मध्ये की खाली

“चहाची तिसरी खेप. आणि दूध संपलं तर म्हणतील, विनिफ्रेडला माणसांचा कंटाळा आहे,” विनिफ्रेड गॅसच्या शेगडीला म्हणाली. शेगडीने ऐकलं, आणि मागे बसलेल्या ठमाबाईनेही. ठमाबाई शेजारीण. ती दर रविवारी कोथिंबीर निवडू लागायला येते आणि निम्मी घरी घेऊन जाते.

मोठी कामं निर्णयाने होत नाहीत, विचारविनिमयाने होतात. निर्णय घेतला की काम संपतं, माणसं आपापल्या घरी जातात आणि टीव्ही लावतात. विचारविनिमय चालू ठेवला की काम टिकतं, माणसंही टिकतात. हे तत्त्व मोठमोठ्या कचेऱ्यांतून पाळलं जातंच. पण घोडबंदर रोडच्या मागे, खाडीच्या अंगाला, टॉवरांच्या सावलीत जे एक जुनं गावठाण शिल्लक राहिलंय, तिथे ते ज्या श्रद्धेने पाळतात त्याला तोड नाही.

विनिफ्रेडच्या अंगणात एक शिडाची होडी उभी आहे. तिच्या नवऱ्याने, अँब्रोजने, ती स्वतःच्या हाताने बांधली. अँब्रोज वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याचा आजा शिडाच्या होडीतून इथलं मीठ मुंबईला न्यायचा. लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरात ब्रेड भाजत होतं, तेव्हा अँब्रोजने अंगणात सागाच्या फळ्या आणून टाकल्या. आज होडी तयार आहे. निळा रंग दिलाय, बुडाला शिशाचं वजन बसवलंय (तेव्हापासून ती इंचभर हलत नाही, हा मजबुतीचा पुरावा), आणि नाकाडावर मुलीचं नाव लिहिलंय: बियांका.

राहिलाय फक्त विंडलास. विंडलास म्हणजे नांगर वर खेचायचं यंत्र. विहिरीचा रहाट छोटा करून लोखंडाचा केला, दोराऐवजी त्यावर साखळी घातली आणि फिरवायला दांडा दिला, की झाला विंडलास. अँब्रोजने तो डोंबिवलीच्या एका लेथवाल्याकडून घडवून आणला. गेल्या ईस्टरपासून तो ओटीवर गोणपाटावर बसून आहे. घरातला सगळ्यात जास्त तेलपाणी मिळणारा सदस्य तोच.

तो कुठे बसवावा यासाठी समिती आहे. समितीत चार सदस्य आणि पाच मतं (सॅव्हियोची दोन). सॅव्हियो अँब्रोजचा धाकटा भाऊ. तो मोठ्या जहाजावर अकरा वर्षं होता, म्हणून तांत्रिक बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानतात. जहाजावर तो स्वयंपाकी होता, हे तो स्वतःच सांगतो. पण सांगण्याच्या पद्धतीवरून ती कॅप्टनच्या वरची जागा वाटते. विंडलास पुढे नाकाडावरच बसला पाहिजे, असं त्याचं पहिलं मत. साखळी सरळ पाण्यात जाते. दुसरं मत असं, की नाकाडावर वजन आलं की होडी तोंडावर पडते.

आनंद समोरच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने परदेशी लोकांचे नौकानयनाचे इतके व्हिडिओ पाहिलेत की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा तो वाऱ्याची दिशा बघतो. त्याचं म्हणणं, विंडलास मध्ये, डोलकाठीपाशी. “काका, वजन सेंटरला पाहिजे. बेसिक फिजिक्स आहे.” मग साखळी सबंध होडीवरून लोळत जाणार आणि त्यात माणसं पाय अडकून पडणार, त्याचं काय? त्यावर तो एक व्हिडिओ दाखवतो. व्हिडिओत कुणी पडत नाही.

तिसरा भिवा, ठमाबाईचा नवरा. त्याच्या वडिलांची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. भिवा म्हणतो, विंडलास खाली, नाकाडाच्या पोटातल्या कप्प्यात लपवा. वर ठेवला तर चोरी होईल. खाली ठेवला तर दांडा फिरवायला कोपर हलत नाही. मग भिवा म्हणतो, दांडा कापा. दांडा कापला तर जोर लागत नाही. मग भिवा म्हणतो, चहा झाला का.

विंडलासच्या बाबतीत भिवाइतका उत्साह कुणालाच नाही. एक रविवार चुकवत नाही तो. याचं कारण गल्ली.

(गल्लीचा विषय समितीच्या कक्षेत येत नाही. वाचकांच्या माहितीसाठी फक्त: होडी बांधायला घेतली तेव्हा अंगणातून खाडीकडे जाणारी गल्ली चांगली ऐसपैस होती. नंतर भिवाने चार मजली घर बांधलं. जमीन बिल्डरला गेली की माणसाला चार मजले लागतातच. मजल्यांना जिना लागतो. जिना गल्लीत आला. इथे हा विषय संपतो.)

आनंदला बाविसाव्या मजल्यावरून होडी दिसते, गल्ली दिसते आणि जिनाही दिसतो. पण तो त्याबद्दल काही बोलत नाही. सुशिक्षित मुलगा आहे.

विनिफ्रेडही बोलली नव्हती. रिटायर झाल्यावर अँब्रोज ओटीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचा. भिंतीवर काही नव्हतं. जेवायला हाक मारली तर “कोन?” म्हणायचा. आता रविवारी मिसाच्या प्रार्थनेहून आला की चर्चचा शर्ट तो बदलत नाही, तोच घालून समितीला बसतो. हे तिने पाहिलं होतं. त्या शर्टाला इस्त्री तीच करायची. त्यामुळे शब्द जिभेवर आला की ती चहा टाकायची.

पण यंदा बियांकाचं लग्न ठरलं.

त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका लुगडी नेसून, पुढे बँड लावून विहिरीवर जातात, घडे भरून आणतात, त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. विनिफ्रेडच्या सासूने विनिफ्रेडच्या नणंदांना याच अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घातलं होतं. आपली पोरही याच पाण्याने न्हाऊन निघावी, एवढी एकच गोष्ट तिला या लग्नात पाहिजे होती. बाकी हॉल, केक, फोटोवाला, सगळं तिने पोरीवर सोडलं होतं. विहीर होडीच्या मागे, कोपऱ्यात आहे. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला घर, आणि होडीचं मागलं टोक थेट विहिरीच्या कठड्यावर आलंय. तिथे जायचं तर होडीखालून रांगत.

“लुगड्यात रांगू मी?” ठमाबाई म्हणाली. “बँडवाले हसतील ना गो. ढोल तर जायाचाच नाय.”

“हळू बोल.”

“तूच बोल की गो एकदा त्याला.”

“तू बोल. जिना तुमचा.”

“जिना त्याचा. मी लिफ्ट सांगितलेली.”

दोघी पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या.

बाहेर समितीने या अडचणीची दखल घेतली होती. सॅव्हियोने तोडगा काढला, वीस लिटरचा जार मागवायचा आणि फाटकापासून बँड लावून तो आणायचा. “दिवा गावात माझ्या सासरवाडीला टँकरच्या पाण्यावर तीन लग्नं झाली. तिन्ही टिकली.” आनंद म्हणाला, विहिरीत पंप टाकू, पाइप ओढू, बायकांनी नळावर घडे भरावेत. भिवा म्हणाला, दोन्ही करा. बियांका ओटीवर येऊन म्हणाली, “डॅडी, मला कसलंही चालेल, गीझरचं पण,” आणि आत येऊन आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मग सभा मूळ विषयाकडे वळली: पुढे, मध्ये की खाली.

विनिफ्रेडने गॅस बंद केला. चहा अर्धाच उकळला होता. पदराला हात पुसत ती ओटीवर आली आणि समितीच्या इतिहासात प्रथमच कार्यक्रमपत्रिकेबाहेरचा प्रश्न विचारला.

“बियांकाचे डॅडी, होडी कधी हलनार?”

भिवाने रिकामा कप तोंडाला लावला. आनंदच्या फोनला काहीतरी आलं. सॅव्हियोला घशात खवखव जाणवली. ठमाबाई स्वयंपाकघराच्या दारात मुठीतली कोथिंबीर घट्ट धरून उभी राहिली. अँब्रोज विंडलासच्या दांड्यावरून फडकं फिरवत राहिला.

(वाचकांनीही आता उगाच छताकडे बघू नये. जिना गल्लीत आला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही गप्प बसून विंडलास नाकाडावर बरा की डोलकाठीपाशी, याचाच विचार करत इथवर आलात. समितीत पाचवी खुर्ची आहे. बसा. चहा अर्धा उकळलेला आहे, चालवून घ्या.)

“मागे बसवायचा,” अँब्रोज म्हणाला.

“काय?”

“विंडलास. मागल्या टोकाला. खाली विहीर हाय. पुढून शिडी लावा. बाया शिडीनं होडीवर चढतील, बँड बी चढंल, मजबूत हाय. वरून साखली सोडायची, घडा बांधायचा, दांडा फिरवायचा. पानी वर.”

सॅव्हियो खुर्चीतून उठला. त्याच्यातला तज्ज्ञ दुखावला होता. “अरे, मागे कोन बसवतो? जगात कुठे बघितलास मागे? नांगर मागून टाकलास तर लाट सरळ आत येते. होडी चालायला लागली की—”

“चालतंय कुठं, सॅव्हियो?” अँब्रोजने फडक्याची घडी घातली, ती चर्चच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि भिवाच्या खांद्यावर हात ठेवला. “होडी गल्लीतनं जात नाय. याच्या जिन्याच्या पूजेला जेवलो ना आपन, तवाच पायरीवर बसून मी टेपनं मापलेला. पन बोललो असतो, तर रविवारचे तुमी आलं असतंव?”