आक्का तरंगल्या

आक्का पाण्यात उतरणार म्हटल्यावर पाण्यानंच जरा सावरून बसावं, असा आक्कांचा स्वतःबद्दल समज होता. माहेरी असताना घराखालच्या नदीत त्या अशा पोहत, की समोरच्या काठावरच्या बायका धुणं हातात धरून बघत राहत. असं आक्का सांगत. त्या बायकांपैकी आता कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे वादाचा प्रश्नच मिटला होता.

मधे पाठीनं घात केला. खालचे मणके जागेवरून सरकले, पाय बधिर व्हायला लागले. शेवटी डॉक्टरांनी पाठ उघडली, आत सळया घातल्या, स्क्रू पिळले आणि ते मणके एकमेकांना कायमचे सांधून टाकले.

"आक्का, आता एवढा भाग हलणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"आमच्या घरात मी सांगितल्याशिवाय काहीच हलत नाही," आक्का म्हणाल्या. "त्यात आणखी एक."

मग व्यायाम सुरू झाला. तो शिकवायला एक मुलगी घरी यायची. पाय कसा उचलावा हे ती आक्कांना शिकवायची आणि केस कसे बांधावेत हे आक्का तिला. दोघीही आपापल्या विषयात चिकट. हळूहळू आक्का काठीशिवाय चालायला लागल्या, जिने चढायला लागल्या, आणि एके दिवशी डॉक्टरांनी सांगून टाकलं की पोहायला हरकत नाही. फक्त वाकायचं नाही आणि कंबर पिळायची नाही.

घरी मुलगा म्हणाला, "आई, सोबतीला एखादी बाई ठेवू या. तलावावर घेऊन जाईल, धरून उतरवेल, धरून काढेल."

"मी काय गाद्यांचा गठ्ठा आहे?"

"मग असं करू. उद्या ही तुझ्याबरोबर येईल," त्यानं बायकोकडे बोट केलं. "ती काठावर बसेल. पाण्यात जाताना, पाण्यातून येताना तू कुणाचाही हात घ्यायचा नाहीस. जमलं तर पुढे खुशाल एकटी जा. नाही जमलं तर सोबतीला बाई येणार, आणि कुरकूर चालणार नाही."

"उद्या हिलाही कशाला त्रास?" आक्का म्हणाल्या. पण सूनबाईला त्रास व्हायचाच होता. तिला पाण्याची इतकी भीती, की बादली काठोकाठ भरली तरी ती दोन पावलं मागे सरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का रबरी टोपी घालून तलावावर हजर झाल्या. टोपीमुळे भुवया वर ओढल्या गेल्या होत्या, त्यामुळे सगळ्या जगाबद्दल त्यांना नवल वाटतंय असं दिसत होतं. सूनबाई टॉवेल घेऊन बाकावर बसली. उथळ बाजूला छातीइतकं पाणी. पायऱ्या, कठडा, सगळं व्यवस्थित. आक्का कठडा धरून उतरल्या. कठडा म्हणजे काही कुणाचा हात नव्हे, हे त्यांनी सुनेला आधीच बजावून ठेवलं होतं.

पाण्यात त्या दोन पावलं चालल्या, मान मागे टाकली आणि उताण्या झाल्या.

आणि काय सांगावं. ऑपरेशनपासून रात्रंदिवस जी पाठ आपण आहोत याची आठवण करून देत होती, ती एकदम गप्प झाली. ओझं नाही, ओढ नाही. कानात पाणी, त्यामुळे काठावरची बडबड पुसट. आक्का छताकडे बघत पडून राहिल्या. इतकं सुख त्यांना माहेरीसुद्धा मिळालं नव्हतं, कारण तिथे चार भावंडं होती.

मनसोक्त पडून झाल्यावर त्यांनी उठायचं ठरवलं.

आता, उताणं माणूस पाण्यात उभं कसं राहतं? पोटाशी गुडघे घेतं, पाठ गोल करतं आणि पाय खाली सोडतं. आक्कांनी सवयीनं गुडघे घेतले. पण पाठ गोल होईना. आतल्या सळया आपल्या जागी इमानदारीनं उभ्या होत्या. गुडघे वर आले, बूड खाली गेलं, त्याच्या पाठोपाठ डोकं गेलं आणि नाकात पाणी शिरलं. आक्कांनी घाईनं पाय लांब केले. पुन्हा आपल्या फळीसारख्या वर.

म्हणजे तरंगता येत होतं. थांबवता येत नव्हतं.

पलटी मारावी, तर डॉक्टरांनी कंबर पिळू नका म्हणून सांगितलेलं. हाक मारावी, तर बाकावर सून बसलेली. एक हाक, आणि जन्मभराची सोबतीण गळ्यात. आक्कांनी तोंडावर समाधान पसरलं आणि हातांनी हळूहळू वल्हवत काठ कुठे लागतो का बघू लागल्या. पण मान वळवली की तोंडात पाणी, त्यामुळे काठ कुठल्या बाजूला आहे हेच कळेना. एका जागी त्या गोल गोल फिरत राहिल्या.

तलावावर पोहायला शिकवणारा एक मिशाळ शिट्टीवाला होता. तो काठावर येऊन वाकला. "आजी, ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, पोहत नाही आहात, म्हणून विचारलं."

"हातपाय काय, कुणीही मारतं. न मारता राहून दाखव."

हे कठड्याला चिकटून उभ्या असलेल्या एका रिटायर्ड मास्तरांनी ऐकलं. ते रोज यायचे, कठडा धरून उभे राहायचे आणि घरी जाऊन पोहून आलो म्हणून सांगायचे. त्यांना आक्कांचं बोलणं एकदम पटलं.

"बाई, हे मला शिकवाल का?"

आक्कांच्या मनात उजेड पडला. मास्तर जवळ येतील, धडपडतील, आपल्याला धरतील, आणि त्या झटापटीत आपणही उभ्या राहू. वर आपणच त्यांना वाचवलं असं होईल.

"या की," आक्का गोड आवाजात म्हणाल्या. "मान मागे टाका. पोट वर. श्वास सोडू नका. घाबरलात तर मला धरा हं, लाजू नका."

मास्तरांनी मान मागे टाकली, पोट वर केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तरंगले. अगदी सुरेख तरंगले. तरंगत तरंगत आक्कांपासून लांब निघून गेले.

"बाई, जमलं," ते लांबून म्हणाले.

"जळलं मेलं," आक्का पुटपुटल्या.

ते पाहून औषधाच्या दुकानाची मालकीण पुढे आली. अंगानं भरलेली. ही नक्की धडपडणार, असा आक्कांना भरवसा वाटला. ती तर मास्तरांपेक्षा झकास तरंगली. मग तिची नणंद आली. मग एक शिंपी आला, काडीसारखा. हा तरी बुडेल. तोही नाही. आक्का पडल्या पडल्या जीव तोडून शिकवत होत्या आणि नशीब असं, की एक विद्यार्थी ढ निघत नव्हता. प्रत्येकाला त्या आर्जवानं सांगत, "मला धरा, मला धरा," आणि प्रत्येकजण म्हणे, "नको नको, बाई, तुमच्या कृपेनं जमतंय."

थोड्या वेळानं उथळ पाण्यात पाच जण छताकडे तोंड करून संथपणे इकडून तिकडे सरकत होते. शिट्टीवाला भारावला होता. इतकी वर्षं घसा फोडून त्याला जे जमलं नाही, ते या आजींनी झोपून केलं होतं.

मग वेळ संपल्याची शिट्टी झाली.

कुणीच हललं नाही.

"बाई," मास्तर दूरवरून म्हणाले, "आता उठायचं कसं?"

"अं?"

"उठायचं कसं ते राहिलं सांगायचं."

"उठायची एवढी घाई कसली? घरी कोण वाट बघतंय तुमची?"

"बायको बघतेय," शिंपी म्हणाला.

बाकावर बसलेली सूनबाई मघापासून टॉवेलाची घडी घालत होती आणि मोडत होती. तिला आधीच शंका आली होती. सासूबाई परक्या माणसांशी इतक्या गोड बोलताहेत, याचा अर्थ काहीतरी गंभीर आहे. घरीसुद्धा सोफ्यातून उठता आलं नाही, की त्या म्हणत, मला अजून बसायचंय. तसंच हे. आता तर खात्रीच पटली.

तिनं चपला काढल्या. टॉवेल बाकावर ठेवला. आणि होत्या त्या कपड्यांनिशी, डोळे गच्च मिटून, एकेक पायरी उतरून ती पाण्यात आली. चाचपडत ती आक्कांपर्यंत पोचली.

"आई, मला फार भीती वाटतेय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमचा हात द्या."

"तू कशाला तडमडलीस पाण्यात?"

"द्या ना हात."

आक्कांनी हात दिला. सुनेनं एका हातानं तो घट्ट धरला आणि दुसरा पाण्याखालून हळूच त्यांच्या पाठीला लावला. टेबलाची फळी उचलून भिंतीला लावावी तशा आक्का सरळ उभ्या झाल्या. पाय फरशीला टेकले. सून खरोखरच लटलटत होती. तिनं आक्कांना मिठी मारली ती सोडेचना.

"बघा," आक्का तलावाला उद्देशून म्हणाल्या, "पोरगी घाबरली होती. वेळेवर हात दिला म्हणून बरं." मग हळू आवाजात, "थांब जरा अशीच. मी आहे." कोण कुणाला धरून होतं, ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. बाकीच्या चौघांना शिट्टीवाल्यानं एकेक करून उभं केलं. प्रत्येकजण आक्कांना नमस्कार करून गेला.

संध्याकाळी मुलानं बायकोला विचारलं, "मग? आईनं हात मागितला का कुणाचा?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "मी मागितला. त्यांनी दिला."

"झालं तर मग. आई, जिंकलीस तू. सोबत नको. आता खुशाल एकटी जात जा."

जिंकलेलं माणूस जितकं खूश दिसायला हवं तितक्या काही आक्का दिसत नव्हत्या.

"एकटी कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "हिला पाण्याची भीती आहे. ती घालवायला नको?"

"मला नाही शिकायचं, आई."

"तुला कोण विचारतंय? उद्या सकाळी तयार राहायचं."

मुलगा हसत बाहेर गेला. तो लांब गेल्याची खात्री करून घेऊन आक्का सुनेच्या जवळ सरकल्या.

"उद्या आधी उभं राहायचं शिकू," त्या हळूच म्हणाल्या. "तरंगायचं काय, मागाहूनही येतं."