कोकजालची खोरंभर नातवंडं

बुरुलच्या वहीत एका पानावर लेकीच्या लसींच्या तारखा होत्या आणि समोरच्या पानावर कुमुशच्या माजाच्या. कुमुश म्हणजे तिची ताईगान कुत्री. जात डोंगरात शिकार करणारी, तंगड्या लांबलचक, पण घरात बाळाच्या गादीवर आडवी पसरून बाळालाच खाली ढकलणारी.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "चार वर्षांची झाली ही. पहिली वीण या खेपेला होऊ दे, पुढे तिला जड जाईल. अकरावा ते तेरावा दिवस, बस्स. आणि दिसला कुत्रा की हुरळू नकोस. कंबर, डोळे, हृदय तपासलेलं हवं. रक्ताचं नातं तर अजिबात नको."

नात्याचं काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं. "माणसाची सोयरीक करताना सात पिढ्या बघतो," सागिनालीबाबा म्हणाले, "मग या पोरीनं काय घोडं मारलंय?" त्यांना स्वतःच्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या, थेट सातव्या बोतोय बातीरपर्यंत, ज्याने एकट्याने शंभर शत्रू नदीत बुडवले होते. कुमुशच्याही सात पाठ होत्या. सातवा कोकजाल. बाबांच्या तरुणपणचा कुत्रा, लांडग्याला एकटा लोळवणारा.

बुरुलने सगळं वहीत उतरवलं आणि स्थळं बघायला निघाली.

तळ्याकाठीच असलेल्या तोसोर गावच्या मास्तरांचा कुत्रा धडधाकट, कागदपत्रं चोख. मास्तर बाप, आजा, पणजा सांगत गेले आणि छाती फुगवून म्हणाले, "आणि त्याच्या मागे साक्षात कोकजाल!"

बुरुलने वही मिटली.

बार्स्कूनच्या मधवाल्या बाईंकडे कोकजाल पाचव्या पिढीत निघाला. पलीकडच्या गावच्या टॅक्सीवाल्याकडे तो दोनदा निघाला. "बापाकडूनही आणि आईकडूनही!" टॅक्सीवाला अभिमानाने म्हणाला.

"बाबा, हा तुमचा कोकजाल शिकारीला कधी जायचा हो?" बुरुलने घरी येऊन विचारलं.

"नावाजलेला होता," बाबा म्हणाले आणि त्यांनी चहाच्या वाडग्यात तोंड घातलं.

दहावा दिवस उजाडला. तेवढ्यात डोंगरापलीकडच्या आतबाशीहून तुर्दुबेक नावाच्या माणसाचा फोन आला. कुत्रा तपासलेला, वय पाच. त्याने पिढ्या सांगायला घेतल्या. सहा नावं झाली, एकही ओळखीचं नाही. सातव्याला रेंज गेली.

"आतबाशी म्हणजे खिंडीपलीकडे," बुरुल म्हणाली. "तिथवर काही कोकजाल पोचला नसेल."

बाबांनी वाडग्यात आणखी चहा ओतून घेतला.

बाराव्या दिवशी बुरुल गाडी चालवत, बाबा मागे, त्यांच्या एका मांडीवर नात आणि दुसरीवर कुमुश, अशी वरात दोलोनची खिंड ओलांडून पोचली. नातीला दोनदा ओकारी झाली, कुमुशला एकदा. तिन्ही वेळा बाबांवरच.

तुर्दुबेकने मेंढा कापला होता. शिजलेलं मुंडकं मानाने बाबांपुढे आलं. बाबांनी रीतीप्रमाणे त्याचा कान कापून नातीच्या हातात दिला. तिने तो नव्या दोन दातांनी चघळायला घेतला. अंगणात तुर्दुबेकचा कुत्रा आणि कुमुश एकमेकांकडे इतक्या लाजऱ्या नजरेने बघत होते की बुरुललाही भरून आलं. तिने वही उघडली. "दादा, तेवढं सातवं नाव राहिलं होतं."

"ते तर खास!" तुर्दुबेक सरसावून बसला. "तुमच्याच तळ्याकाठचा. कोकजाल!"

बुरुलने वही मिटली. "बाबा, उठा. परत जायचं."

"आत्ता? अगं, मुंडकं गरम आहे!"

"एकच रक्त आहे. पिल्लं आजारी निघाली तर? उठा."

बाबांनी मुंडक्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खिंडीकडे, मग अंगरख्यावरच्या वाळलेल्या डागांकडे. "बस खाली, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "कोकजालला दुसऱ्याच वर्षी घोडीनं लाथ मारली होती. नको तिथं. तोवर त्यानं कुत्रीकडं बघितलंही नव्हतं आणि त्यानंतर बघून उपयोग नव्हता."

खोलीत कान चघळल्याचा तेवढा आवाज.

"मग ही खोरंभर नातवंडं?"

"लोकांना नाव आवडलं. मी कशाला हिरमोड करू?"

"आणि आपल्या कुमुशच्या यादीत?"

"सातवा आठवेना. मोकळी जागा बरी दिसत नव्हती."

आता तुर्दुबेक लाल झाला. "खरं सांगू का, आमच्या यादीत माझ्या वडिलांनी घातलंय. बाजारात ऐकून आले होते."

बुरुलने वही पुन्हा उघडली. मग दोन्ही याद्यांतलं सातवं नाव तिने खोडलं आणि लिहिलं, 'माहीत नाही.' उरलेली सहा-सहा नावं तिने पुन्हा एकदा बोट ठेवून ताडून पाहिली. कुठेच जुळत नव्हती. "पिल्लं न्यायला येणाऱ्यालाही हेच दाखवायचं," तिने दोघांना दम भरला. "असं खोडलेलंच."

"दाखवू," दोघे शाळकरी पोरांसारखे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तेराव्या, सगळं यथासांग पार पडलं. परतीच्या वाटेवर कुमुश मागच्या सीटवर राणीसारखी पसरली होती, बाळ तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपलं होतं आणि बाबा कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. खिंड उतरल्यावर बुरुल आरशात बघून म्हणाली, "बाबा, एक विचारू? तो टॅक्सीवाला सांगत होता, त्यांचाही सातवा पूर्वज बोतोय बातीरच. मास्तरांचाही. त्या मधवाल्या बाईंचाही."

बाबांनी नातीचं पांघरूण सारखं केलं. मग पुन्हा केलं.

"गाडी हळू चालव," ते म्हणाले. "पोर झोपलीय."