वासाची दिशा

वास वाऱ्याबरोबर जातो असं शाळेत शिकवतात. शहरात तो मजल्याप्रमाणे जातो. खालच्याचा वास वरच्याला येतो. वरच्याला मुळी वासच नसतो.

हे शास्त्र अंबूबाईंना सत्तराव्या वर्षी कळलं. कोल्हापुरात रंकाळ्यापलीकडं त्यांचा चार म्हशींचा गोठा. शेजारी उसाचं रान होतं तेव्हा गुऱ्हाळाचा वास यायचा, आणि माणसं न बोलावता काकवी चाखायला यायची. त्या रानात आता चौसष्ट फ्लॅटची 'नंदनवन हाइट्स' उभी आहे. सोसायटीनं तक्रार केली आणि 'गोठा का हलवू नये' अशी महापालिकेची नोटीस आली.

पाहणी अगदी निःपक्षपाती झाली. घरोघरी फॉर्म वाटले. 'वास येतो' : एकसष्ट. 'येत नाही' : तीन (दोन फ्लॅट बंद होते, एकाला सर्दी होती). हेच एकसष्ट जण रोज संध्याकाळी धारोष्ण दुधासाठी पेले घेऊन गोठ्यात उभे राहत. तेव्हा मात्र कुणी नाकाला रुमाल लावत नसे, इतके ते सभ्य.

अंबूबाईंनीही फॉर्म मागितला.

"सायेब, ह्यांच्या संडासाचं पाणी माज्या दारातनं जातंय. त्यो वास लिवा की."

निरीक्षकांनी सहानुभूतीनं कागद चाळला. "बाल्कनी नंबर काय, आज्जी?"

"बाल्कनी न्हाय. उंबरा हाय."

"उंबऱ्याला रकाना नाही."

सोसायटीच्या अध्यक्षा संयोगितावैनी मायेनं म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, आज्जी. म्हशींबद्दल आम्हाला आदरच आहे."

"मग एक चौथ्या मजल्यावर बांदा की!"

या सूचनेची इतिवृत्तात नोंद झाली नाही.

गोठा हलला, म्हणजे म्हशी विकल्या. अंबूबाई आता त्याच सोसायटीत सहा घरची भांडी घासतात (लिफ्ट रहिवाशांसाठी आहे). शेजारधर्म याहून जवळून पाळता येत नाही.

वास तेवढा गेला नाही. महिन्यानं पुन्हा पाहणी झाली, तेव्हा तो सोसायटीच्याच सांडपाण्याचा निघाला. प्रशासनानं तत्परतेनं फॉर्ममध्ये नवा रकाना काढला : 'वास आपलाच असल्यास चालेल का?'

एकसष्ट जणांनी 'चालेल' लिहिलं.

वाचकहो, हा फॉर्म आपल्याकडंही येणार आहे. आपण फक्त मजला सांगा. बाकीचा आम्ही भरून ठेवलाय.